उष्ण देशांतील बर्फावरची चुरस

ज्या नगरांत भर हिवाळ्यांतहि जलाशय गोठत नाहींत, तेथें बर्फावरील हॉकीची परंपरा रुजावी, ही गोष्ट प्रथमदर्शनीं विपरीत वाटते. परंतु ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न व सिडनी या दोन नगरांत तसें घडलें खरें. आणि त्याचें मूळ क्रीडांगणांत नसून यंत्रशाळेंत आहे.

एकोणिसाव्या शतकांत बोस्टनकडील तळ्यांतला बर्फ जहाजांतून मुंबईस येत असे, तसाच तो ऑस्ट्रेलियाच्या बंदरांतहि उतरे. त्याच शतकाच्या मध्यास जिलाँग येथील जेम्स हॅरिसन या वृत्तपत्रकारानें कृत्रिम बर्फ तयार करणारें यंत्र सिद्ध केलें. पुढें १८८० सालीं 'स्ट्रॅथलेव्हन' हें जहाज गोठविलेलें मांस घेऊन लंडनास पोंचलें आणि शीतकरणाच्या विद्येस व्यापाराचें पाठबळ मिळालें. या विद्येंत निष्णात असलेले हेन्री न्यूमन रीड यांनीं १९०६ मध्यें मेलबर्न येथें 'ग्लेशियारियम' नांवाचें हिमक्रीडागृह उघडलें. अशा गृहांत जमिनींतील नळ्यांतून अतिशय थंड केलेलें खारें पाणी खेळवून वरचा पाण्याचा थर गोठवीत असत.

त्याच वर्षी १७ जुलै रोजीं या बर्फावर व्हिक्टोरियाचा संघ आणि 'बाल्टिमोर' या अमेरिकन युद्धनौकेवरील खलाशी यांचा सामना झाला. दोन्ही पक्षांचा एकेक गोल होऊन तो बरोबरींत सुटला. परंतु पाहुणे नांगर उचलून निघून गेले. नित्याचा प्रतिस्पर्धी हवा होता. १९०७ मध्यें सिडनीसहि हिमक्रीडागृह उघडलें आणि तो लाभला.

प्रतिस्पर्धी तरी कोण? १९०१ मध्यें सहा वसाहतींचें एक राष्ट्र झालें, तरी सिडनी व मेलबर्न यांचा श्रेष्ठत्वाचा वाद शमला नव्हता. राजधानी न्यू साउथ वेल्समध्यें असावी, मात्र सिडनीपासून निदान शंभर मैल दूर असावी, आणि तोंवर संसद मेलबर्नला भरावी, अशी तडजोड राज्यघटनेंतच करावी लागली होती!

अशा वातावरणांत १९०९ सालीं न्यू साउथ वेल्सचा संघ मेलबर्नला आला. तीन सामने झाले. व्हिक्टोरियानें दोन जिंकले, पाहुण्यांनीं एक. मालिका यजमानांची झाली. पण पाहुणेहि अगदींच रिकाम्या हातीं परतले नाहींत. पुढील झुंजीस एवढें निमित्त पुरेसें होतें. या मालिकेच्या विजयचिन्हास पुढें व्हिक्टोरियाचे खेळाडू जॉन गुडॉल यांचें नांव मिळालें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत सामन्यांत खंड पडला; तथापि परंपरा टिकली, आणि २००२ पासून गुडॉल चषक ऑस्ट्रेलियन आइस हॉकी लीगच्या विजेत्यास देण्यांत येऊं लागला.

राजधानीचा तंटा दोन नगरांच्या दरम्यान कॅनबेरा वसवून मिटविण्यांत आला. १९२७ मध्यें संसदहि तेथें गेली. बर्फावरचा तंटा मात्र कोणींच मिटूं दिला नाहीं. जे वैर राज्यकारभारांत अडसर ठरलें असतें, त्यास खेळानें नियम दिले, पंच दिला, आणि पराभूतास पुन्हां उभें राहण्याची संधि दिली.