गिरणीच्या बॉयलरमधली नळी

मंडळी, सोलापूरच्या गिरण्यांचा विषय निघाला की भोंगा आठवतो, चिमणी आठवते. इथं सात रस्त्यावर जुन्या मिलची वाट कुणीही सांगेल. पण भोंग्याला वाफ पुरवायचा तो बॉयलर! आज आपण त्याच्या पोटातल्या नळीबद्दलच बोलणार आहोत.

कापडगिरण्यांचा नावाजलेला बॉयलर म्हणजे लँकेशायर. विल्यम फेअरबर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आडवं मोठं पिंप, त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन नळ्या. नळ्यांच्या तोंडाशी विस्तव, भोवती पाणी. आता बघा, वाफेचा दाब बाहेरच्या पत्र्याला फुगवतो. त्याच्या गोलाईत थोडी खोट असली तर दाबच ती सुधारतो. आतल्या नळीला मात्र तोच दाब चहूबाजूंनी आवळतो. ती किंचित लंबगोल असेल तर दाबाखाली आणखी लंबगोल होते, आणि एका क्षणी आत बसते. लोखंडाची ताकद संपण्याआधीच आकार दगा देतो. रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीतली हवा तोंडानं ओढून बघा, हेच दिसेल.

तेव्हाच्या इंजिनिअरांची समजूत अशी, की नळीच्या लांबीनं काही बिघडत नाही. फेअरबर्ननं १८५८ मध्ये प्रयोगांनी ती खोडली: लांबी दुप्पट केली, तर साधारण निम्म्या दाबालाच नळी बसते. मग उपाय सोपा, मध्ये मध्ये कडी घाला. कड्यांमुळे लांब नळीच्या आखूड नळ्या होतात. पुढं सॅमसन फॉक्सनं पन्हळी नळीचं पेटंट घेतलं, ते १८७७ मध्ये. आपली जुनी मिलही त्याच सालची. योगायोगच, पण आम्हाला तो आवडतो.

उभ्या दाबाखालच्या पातळ नळीचं गणित विसाव्या शतकात लोरेन्झ, टिमोशेंको, साउथवेल यांनी मांडलं. प्रत्यक्षात नळ्या त्या आकड्याच्या पुष्कळ आधीच चुरगळायच्या. १९४५ मध्ये कोइटरनं कारण दाखवलं: गोलाईतली बारीकशी खोट.

आगवाल्याला हे गणित ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर. पाणी उतरून नळी उघडी पडली की लोखंड तापून मऊ होणार आणि नळी बसणार, उकळतं पाणी आणि वाफ भट्टीच्या तोंडातून थेट त्याच्या अंगावर. कलकत्त्यात १८६३ मध्ये बॉयलर फुटून माणसं मेली, तेव्हा पुढच्या वर्षी बंगालात तपासणीचा कायदा झाला. सबंध देशासाठी एकच कायदा यायला मात्र १९२३ साल उजाडलं.