हँडब्रेक

हँडब्रेक (अन्य नाव : पार्किंग ब्रेक) म्हणजे उभे केलेले मोटार वाहन जागेवरून हलू नये यासाठी वापरली जाणारी, पायाच्या ब्रेकपासून स्वतंत्र असलेली ब्रेक यंत्रणा होय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ नुसार मोटारींना पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र व्यवस्था असणे बंधनकारक आहे. नवे वाहन बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या संस्थांकडून होते. त्यांत पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच व्हीआरडीई, यांचा समावेश होतो.

रचना

बहुतेक मोटारींत पुढच्या दोन आसनांमधील दांडा वर ओढला की पोलादी केबल ताणली जाते आणि मागच्या चाकांच्या ड्रममधील ब्रेक शू फाकून ड्रमला आतून घट्ट टेकतात. दांड्याखालील दातेरी पट्टीत खटका अडकतो, त्यामुळे हात काढल्यावरही ताण टिकतो. दांडा ओढताना येणारा 'कर्र कर्र' आवाज या खटक्याचा असतो. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तर हँडब्रेक निव्वळ केबलवर. तेल गळून पायाचा ब्रेक गेला तरी हँडब्रेक शिल्लक राहावा, हा या वेगळेपणाचा हेतू आहे.

मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांत केबल कॅलिपरमधील यंत्रणा फिरवते किंवा डिस्कच्या आत बसवलेला लहान ड्रम वापरते. नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण असते व ओढण्याचे काम विजेची मोटर करते. ऑटोमॅटिक गाडीतील 'पी' ही स्थिती हँडब्रेक नव्हे. तिथे गिअरबॉक्समधील एका दातेरी चाकात लहानसा खटका अडकतो, एवढेच.

धारणक्षमता

प्रवासी मोटारींच्या ब्रेकसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्र. १३-एच प्रमाणे पूर्ण भार असलेली गाडी २० टक्के चढावर व उतारावर केवळ पार्किंग ब्रेकने स्थिर राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने लावावा लागणारा जोर ४०० न्यूटनपेक्षा (सुमारे ४० किलो वजनाइतका) जास्त नसावा. नियमावली क्र. १३ मध्ये ही मर्यादा १८ टक्के आहे. २० टक्के म्हणजे शंभर मीटर अंतरात वीस मीटर उंची; घाटातील प्रमुख रस्ते सहसा एवढे तीव्र नसतात. मात्र ही क्षमता नव्या व नीट जुळवलेल्या ब्रेकची असते.

माणसांसह १,५०० किलो भरणारी मोटार १० टक्के उतारावर उभी असताना तिला खाली खेचणारे बल सुमारे १५० किलो वजनाइतके असते. २० टक्क्यांवर ते २९५ किलोपर्यंत जाते. सपाट जागी पुरेसा वाटणारा सैल हँडब्रेक उतारावर का पुरत नाही, हे यावरून कळते. सामान व माणसे भरल्यावर हे बल वाढते, म्हणून रिकामी असताना त्याच जागी थांबलेली गाडी भरल्यावर घसरू शकते.

निकामी होण्याची कारणे

हँडब्रेक अचानक तुटण्यापेक्षा हळूहळू सैल होण्याचे प्रमाण अधिक असते. शूचे लायनर झिजतात, केबल ताणून लांबते, तिच्या आवरणात पाणी शिरून गंज चढतो, तारेचे पदर एकेक करून तुटतात. चाकातील सिलिंडरमधून तेल झिरपून लायनरवर आले तर दांडा घट्ट वाटूनही पकड राहत नाही. दातेरी पट्टीचे दात झिजल्यास खटका धक्क्याने निसटतो. हँडब्रेक अर्धवट लागलेला असताना गाडी चालवल्याने लायनर जळतात. करपल्याचा वास हे त्याचे पहिले लक्षण.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांतील एक दोष फारसा माहीत नसतो. घाट उतरून आल्यावर डिस्क तापलेली असते. त्या अवस्थेत दांडा जेमतेम ओढला, तर थंड होताना डिस्क व पॅड आकसतात आणि पकड ढिली होते. गाडी उभी केल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, आत कोणी नसताना ती चालू लागते ती यामुळे. अशा वेळी दांडा नेहमीपेक्षा एक-दोन दात अधिक ओढणे आणि गिअर टाकणे आवश्यक ठरते.

दांडा किती 'कर्र'नंतर घट्ट व्हावा, ही संख्या प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती वाढत गेली की केबल जुळवण्याची वेळ झाली असे समजतात. केवळ केबल आवळून झिजलेले लायनर झाकण्याची गॅरेजमधील पद्धत मात्र सदोष आहे.

उतारावर वाहन उभे करणे

गाडी थांबल्यावर पायाचा ब्रेक दाबून ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढावा, मग पाय हळूच उचलून गाडी जागेवर स्थिर होते का पाहावे आणि इंजिन बंद करून गिअर टाकावा. तोंड चढाकडे असल्यास पहिला गिअर, उताराकडे असल्यास रिव्हर्स. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत हँडब्रेक मागची आणि गिअर पुढची चाके धरतो, त्यामुळे दोन्ही मिळून चारही चाके अडतात. ऑटोमॅटिक गाडीत आधी हँडब्रेक आणि नंतर 'पी' हा क्रम पाळल्यास गाडीचे वजन गिअरबॉक्समधील खटक्यावर येत नाही. 'पी' लागल्याच्या समजुतीवर विसंबणे किती घातक ठरते, हे जीप ग्रँड चेरोकीच्या प्रकरणात दिसले : गिअर निवडण्याच्या दांड्याची स्थिती चालकांना नीट कळत नाही म्हणून एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ११ लाख गाड्या माघारी बोलावण्यात आल्या, आणि त्याच जूनमध्ये अभिनेता अँटन येल्चिन याचा त्याच्या लॉस एंजेलिसमधील घरासमोर घसरलेल्या याच प्रकारच्या गाडीखाली मृत्यू झाला.

डाव्या बाजूस फुटपाथची कड असेल, तर उताराकडे तोंड असताना पुढची चाके डावीकडे, म्हणजे कडेच्या दिशेने, आणि चढाकडे तोंड असताना उजवीकडे वळवून ठेवतात. गाडी सुटली तरी चाक कडेला अडते. हा नियम शहरी रस्त्यांसाठी आहे. घाटात डावीकडे कड नसून दरी असली, तर तोच नियम गाडीला दरीकडे नेईल. तिथे दरीच्या बाजूस गाडी उभी न करणे हाच मार्ग उरतो. डोंगराच्या बाजूला सपाट जागा पाहून थांबावे आणि उताराकडील चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा. दगड चाकाला भिडलेला असावा. हातभर दूर ठेवलेल्या दगडावरून चाक गती घेऊन चढून जाऊ शकते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

जिल्ह्याचा बराचसा भाग पठारी असल्याने येथील अनेक चालकांचा उताराशी संबंध प्रवासातच येतो. पुणे–नाशिक रस्त्यावरील चंदनापुरी घाट, पाथर्डीकडे जाणारा करंजी घाट आणि छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील इमामपूर घाट ही त्याची ठिकाणे. अकोले तालुक्यात स्थिती वेगळी आहे. भंडारदरा, रतनवाडी, घाटघर आणि कळसूबाईच्या (१,६४६ मी.) पायथ्याचे बारी गाव या परिसरात पावसाळ्यात व काजव्यांच्या दिवसांत अरुंद, उतरत्या रस्त्यांच्या कडेला पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगा लागतात. काजवे पाहताना दिवे बंद असतात, माणसे गाड्यांच्या मधून ये-जा करतात आणि कडेची माती ओली असते. ओल्या मातीत अडलेली चाके न फिरताही गाडी घसरते. तिथे हँडब्रेक शाबूत असणे पुरेसे नाही.

याच भागात उलट अडचणही येते. दमट हवेत गाडी कित्येक दिवस हँडब्रेक लावून ठेवल्यास शू गंजून ड्रमला चिकटतात आणि चाक फिरत नाही. दीर्घकाळ उभी राहणारी गाडी म्हणून सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवतात.

ट्रॅक्टर व जड वाहने

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. अनेक ट्रॅक्टरांत पायाचा ब्रेक दाबून खटक्याने अडकवणे हाच पार्किंग ब्रेक असतो. शेतात वळण्यासाठी डावा व उजवा पेडल वेगळा केलेला असेल, तर दोन्ही जोडल्याशिवाय तो खटका एकाच चाकाला धरतो. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसल्यास सगळा भार ट्रॅक्टरवर येतो, म्हणून चढावर बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले जातात. गाडी निघाल्यावर हे दगड रस्त्यातच राहतात आणि रात्री दुचाकीस्वार त्यांवर आदळतात.

हवेच्या ब्रेकच्या ट्रक व बसमध्ये पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो, त्यामुळे हवा गळाली तर ब्रेक लागलेलाच राहतो.

वाहन घसरू लागल्यास

१० टक्के उतारावर सुटलेली मोटार सुमारे पाच सेकंदांत दहा मीटर जाते आणि ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेग घेते. ती हातांनी रोखणे किंवा उघड्या दारातून आत शिरणे यात जीव जाण्याचा धोका असतो. मार्गातील लोकांना ओरडून सावध करणे व स्वतः बाजूला होणे एवढेच बाहेरच्या माणसाच्या हाती असते. आत चालक असेल तर त्याने पायाचा ब्रेक जोराने दाबून धरावा. इंजिन बंद असताना पेडल कठीण लागते, तरी ब्रेक काम करतो.

कायदा व तपासणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे. नसल्यास यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा किंवा वाहन आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य उपाययोजना केलेली असावी. चाकाला लावलेला दगडही या 'अन्य उपाययोजने'त बसू शकतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू होऊ शकते.

व्यावसायिक वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता तपासणी करून घ्यावी लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षे चालते आणि त्या काळात तिचा हँडब्रेक कोणत्याही सरकारी तपासणीत पाहिला जात नाही. पीयूसी प्रमाणपत्र फक्त धुराचे असते.