हजार गिनींचा धूमकेतू

वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, पोळ्याला बैलाची करतो. या दोन सणांच्या मधल्या फटीतून एक प्राणी मात्र निमूटपणे निसटून गेला आहे. तो म्हणजे त्या वासराचा आणि त्या बैलाचाही बाप. गावचा वळू देवाच्या नावाने सोडलेला असतो. कुणाच्याही शेतात शिरून दोन घास आणि चार काठ्या खातो आणि एके दिवशी गावाला न विचारता म्हातारा होतो. त्याच्यावाचून गोठा भरत नाही हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याची किंमत किती, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हा प्रश्न ज्यांच्या मनात आला आणि ज्यांनी त्याचे उत्तर रोख पैशांत मोजून घेतले, त्या इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या काही शेतकरी घराण्यांची ही हकीकत आहे. ती गुराढोरांची तर आहेच. पण खरी ती विश्वासाची आहे.

बैल विकत घेणे तसे सोपे असते. दात पाहावेत, खूर पाहावेत, चार पावले चालवून, जमल्यास जुंपून पाहावे. आपल्याकडच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो तो डोळ्यांसमोरच्या जनावराचा. वळूचे तसे नाही. त्याचे दात-खूर कितीही नामी असोत, घेणारा जे विकत घेतो ते त्या दिवशी बाजारात हजरच नसते. गाई फळाव्यात, विताव्यात, वासरे वाढावीत आणि मग कळावे, सौदा सोन्याचा झाला की मातीचा! तीन-चार वर्षे तरी त्यात जातात. तोवर घेणाऱ्याच्या हाती काय असते? विकणाऱ्याचा शब्द.

या शब्दाला प्रथम बाजारभाव मिळवून दिला तो लेस्टरशरमधल्या डिशली गावच्या रॉबर्ट बेकवेल याने. 1725 साली जन्मलेला हा गृहस्थ वाडवडिलांप्रमाणेच शेतकरी होता. शहरे वाढत होती, मांसाची मागणी वाढत होती, आणि कुरणांना कुंपणे पडू लागल्यामुळे आपल्या गाईवर कोणता वळू सोडायचा हे शेतकऱ्याला प्रथमच ठरवता येऊ लागले होते. बेकवेलने जोड्या विचारपूर्वक लावल्या. ‘जसे बीज तसे फळ’ एवढेच त्याचे शास्त्र. त्यापायी बाप-लेक, भाऊ-बहीण असले कोणतेही नाते त्याने वर्ज्य मानले नाही. गोत्र आणि पिंड पाहून सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी कानांवर हात ठेवले असते. पण हवा तो गुण वंशात पक्का करण्याचा दुसरा मार्ग त्या काळी ठाऊक नव्हता. दिवाणखान्यात तो आपल्या नामांकित जनावरांचे सांगाडे आणि खारवलेल्या मांसाचे तुकडे मांडून ठेवी. पाहुण्याने येऊन हाडे किती बारीक झाली आणि मांस किती चढले, हे स्वतःच पाहून घ्यावे.

परंतु त्याची खरी हुशारी व्यवहारात दिसली. तो आपले एडके आणि वळू विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देई. पहिला एडका 1760 च्या सुमारास गेला तो सतरा शिलिंगांच्या आसपास. 1789 साली तीन एडक्यांच्या भाड्यापोटी त्याला 1200 गिनी मिळाल्याची नोंद आहे. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. भाड्याच्या या पद्धतीत एक मोठी खुबी होती. एडका दहा ठिकाणी जाऊन येई, त्याची कोकरे दहा कळपांत दिसत, आणि ज्याची कोकरे उजवी निघत त्यालाच बेकवेल पुढे आपल्या कळपासाठी राखून ठेवी. लोक भाडे देत होते आणि त्याच्या जनावरांची परीक्षाही करून देत होते! मध्यंतरी, 1776 मध्ये, त्याचे दिवाळे निघाले. त्यातूनही तो पुन्हा उभा राहिला, कारण पैसा गेला तरी शब्दाची पत शिल्लक होती.

डिशलीला शिकायला येणाऱ्यांत डरहॅम परगण्यातला एक तरुण शेतकरी होता, चार्ल्स कॉलिंग. डार्लिंग्टनजवळ केटन येथे त्याची शेती आणि जवळच बार्म्टनला थोरला भाऊ रॉबर्ट याची. टीज नदीच्या खोऱ्यात आखूड शिंगांची, दुधालाही बरी आणि मांसालाही बरी अशी गुरे पूर्वापार होती. त्यांतूनच या भावांनी ‘शॉर्टहॉर्न’ ही जगप्रसिद्ध जात घडवली. चार्ल्सची पत्नी मेरी हिलाही जनावरांची उत्तम पारख होती. या घराण्याच्या भाग्याचा पाया हबॅक नावाच्या एका वळूने घातला. तो चार्ल्सच्या दावणीला आला तो अवघ्या आठ गिनींत.

हबॅकच्या वंशातून पुढे फेव्हरिट हा वळू निघाला. त्याचा एक मुलगा ‘डरहॅम ऑक्स’ म्हणून प्रसिद्ध झाला. या अगडबंब बैलाला खास गाडीत घालून त्याचा मालक 1801 पासून सहा वर्षे गावोगाव पैसे घेऊन दाखवीत हिंडला. वर्तमानपत्रातल्या शंभर जाहिरातींनी झाले नसते ते काम त्या मुक्या जनावराने केले.

याच फेव्हरिटपासून 1804 साली कॉमेट जन्मला. कॉमेट म्हणजे धूमकेतू. त्याची वंशावळ सांगायची तर जरा दमानेच सांगावी लागते. फेव्हरिट हा त्याचा बाप, आणि फेव्हरिट हाच त्याच्या आईचाही बाप. फीनिक्स नावाची गाय ही त्याच्या बापाची आई, आणि तीच त्याच्या आईचीही आई. दोन्हीकडची आजी एकच, आणि बाप तोच आजोबा! चार्ल्स मात्र आपल्या आयुष्यात इतका चांगला वळू पाहिला नाही असे मानी.

11 ऑक्टोबर 1810 रोजी चार्ल्सने केटनचा सगळा कळप लिलावात काढला. इथे रुमालाखालची बोटे नव्हती. सारा मामला उघड्यावर आणि चारचौघांत. एकूण 47 जनावरे उभी होती. कॉमेटची बोली चढत चढत हजार गिनींवर गेली. वळूला चार आकडी किंमत येण्याची ही पहिलीच वेळ. आठवड्याला बारा-पंधरा शिलिंग मिळवणाऱ्या शेतमजुराची ती सुमारे तीस वर्षांची कमाई होती. घेणारा कुणी लहरी उमराव असेल असे वाटेल. पण तो वळू चार शेतकऱ्यांनी वर्गणी करून घेतला. वेदरेल, ट्रॉटर, राइट आणि चार्ज अशी त्यांची आडनावे इतिहासाने जपली आहेत. त्या दिवसाची एकूण विक्री 7,115 पौंडांची झाली.

त्याच लिलावातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. चार्ल्सने एका शाखेत बिनशिंगी गॅलोवे गाईचे थोडेसे रक्त मिसळले होते. प्रतिस्पर्धी त्या शाखेला तुच्छतेने ‘मिश्रधातू’ म्हणत. त्याच शाखेतली काउंटेस ही गाय 400 गिनींना गेली! घेणारे अजून गाईकडे पाहत होते, कुळाकडे नव्हे.

हे चित्र पुढे पालटले आणि त्याला कारण झाले एक अत्यंत उपयुक्त पुस्तक. जॉर्ज कोट्स या म्हाताऱ्या शेतकऱ्याने घोड्यावर बसून वाडी-वाडीवर जावे, अमका वळू कुणाचा, तमकी गाय कुणाची लेक, हे विचारून टिपून घ्यावे, असा उद्योग केला आणि 1822 साली शॉर्टहॉर्न गुरांची वंशनोंदवही छापली. गाईगुरांची अशी नोंदवही जगात हीच पहिली. आता विकणाऱ्याच्या शब्दाला कागदाचा आधार मिळाला. खोटे सांगणाऱ्याला चाप बसला. पण कागदाचा एक गुण असा की जनावर गोठ्यात असते आणि कागद खिशात. खिशातली वस्तू हाताशी अधिक लवकर येते.

या कागदाचा सर्वांत लाडका मानकरी ठरला थॉमस बेट्सचा कळप. बेट्स हा कॉलिंगचा ग्राहक. 1804 साली त्याने चार्ल्सकडून डचेस नावाची गाय 100 गिनींना घेतली, आणि 1810 च्या लिलावात तिच्याच वंशातली एक कालवड 183 गिनींना. कॉलिंगला स्वतःलाही या कुळाचे मोल कळले नाही, ते मी ओळखले, असे तो छातीठोकपणे सांगे. गडी कुशल होता यात शंका नाही. त्याची गुरे डौलदार असत, दूधही देत. पण त्याने कुळ शुद्ध राखण्याचा जो ध्यास घेतला त्याची किंमत गोठ्यात भरावी लागली. चार्ल्स डार्विनने 1868 च्या आपल्या ग्रंथात बेट्सचा दाखला दिला आहे. तेरा वर्षे घरच्या घरात जोड्या लावल्यावर पुढच्या सतरा वर्षांत त्याला तीनदा बाहेरचे रक्त आणावे लागले, आणि तेही रूप सुधारण्यासाठी नव्हे, तर गाई फळेनाशा झाल्या म्हणून.

1849 मध्ये बेट्स वारला. त्याच्यामागे डचेस कुळाची गुरे इंग्लंड-अमेरिकेत वाटली गेली. गाई कमी वीत म्हणून वासरे दुर्मिळ, आणि वासरे दुर्मिळ म्हणून भाव अधिक! वास्तविक जो दोष, तोच अलंकार ठरला. इंग्लंडमध्ये शुद्ध डचेस मिळेनाशी झाली तेव्हा इंग्रज ती परत घ्यायला अमेरिकेत आले. 10 सप्टेंबर 1873 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूयॉर्क मिल्स या गावी लिलाव झाला. तिथे ‘आठवी डचेस ऑफ जिनीव्हा’ ही गाय एका इंग्रजासाठी 40,600 डॉलरना घेतली गेली. एक गाय! शंभरांवर जनावरांची विक्री साडेतीन लाख डॉलरच्या वर गेली. त्यानंतर आठच दिवसांनी, 18 सप्टेंबरला, एक बडी पेढी बुडाली, अमेरिकेत आर्थिक हाहाकार उडाला आणि वर्षे मंदीत गेली. कागदावर चढलेले भाव मग कागदासारखेच उडाले. सामान्य शेतकऱ्याला मांस आणि दूध हवे होते. पणजीचे नाव नव्हे.

या धामधुमीच्या काळात स्कॉटलंडच्या ईशान्येस, ॲबर्डीनजवळच्या सिटिटन येथे एक अबोल, अविवाहित, क्वेकर पंथाचा शेतकरी आपले काम करीत होता. अमोस क्रुकशँक त्याचे नाव. भाऊ अँथनी ॲबर्डीनला कापडाचे दुकान चालवी. अमोस गुरे पाही. त्यांचे गिऱ्हाईक उमराव नव्हते, खंडाने शेती करणारी कष्टाळू माणसे होती. त्यांना लवकर भरणारी, थंडीवाऱ्यात टिकणारी वासरे हवी होती. आगगाडी ॲबर्डीनपर्यंत आल्यावर त्यांचे मांस लंडनच्या बाजारी जाऊ लागले. त्यांच्यासाठी सिटिटनला दरसाल वळू विक्रीस निघत. यंदाचा वळू वाईट निघाला तर पुढच्या साली तोच शेतकरी त्याच फाटकाशी उभा राहणार, आणि त्याला तोंड दाखवावे लागणार, हे अमोस जाणून होता.

1858 च्या सुमारास त्याने पत्रावरच्या भरवशावर इंग्लंडमधून आठेक वर्षांचा एक वळू मागवला. योगायोग पाहा, त्याचे नाव लँकेस्टर कॉमेट. हाही धूमकेतूच! पण आगगाडीच्या डब्यातून प्रथम बाहेर दिसली ती भलीमोठी शिंगे. आखूडशिंगी जातीचा वळू आणि ही शिंगे! डोंगरी गुरातलाच वळू हवा होता तर जवळपास मिळाला असता, असा टोमणाही अमोसला ऐकावा लागला. ओशाळून त्याने तो वळू दूरच्या कुरणावर धाडला. वर्षभरात तो मेलाही. मागे राहिली थोडीशी वासरे. त्यांतला 1859 साली जन्मलेला एक गोऱ्हा प्रदर्शनात नेला तर तिथे त्याला कुणी विचारले नाही. अमोसला मात्र त्याची दाट लव आणि अंगावर भरगच्च चढणारे मांस आवडले. विकावा की ठेवावा? त्याने तो ठेवला.

‘चँपियन ऑफ इंग्लंड’ हे नाव मिरवणाऱ्या, पण प्रदर्शनात उपेक्षित राहिलेल्या त्या गोऱ्ह्याने सिटिटनचा कळप घडवला. बक्षिसे मिळवलेले वळू विकत आणून जे साधले नव्हते ते त्याच्या वासरांनी साधले. पुढे अमोसनेही त्याच्या मुलानातवांच्या जोड्या घरातच लावल्या. तेव्हा बेट्स आणि क्रुकशँक यांतला फरक सगोत्र-विगोत्राचा नव्हता. बेट्सच्या ग्राहकांनी नाव जपले. अमोसने वासरू पाहिले, आणि जे उतरले नाही ते, कितीही कुलीन असले तरी, ठेवले नाही.

1889 साली, ऐंशी वर्षांचा झाल्यावर, त्याने सारा कळप अर्जेंटिनाला पाठवण्यासाठी विकला. घेणारी पेढी लवकरच अडचणीत आली आणि पुष्कळशी गुरे मायदेशीच राहिली. त्यांतली बरीच कोलिनीच्या विल्यम दुथी या शेजाऱ्याने घेतली. त्याच्या वार्षिक विक्रीत 1919 साली 24 गोऱ्ह्यांना सरासरी 1,400 पौंड आले. हबॅकच्या आठ गिनींपासून इथवरचा हा प्रवास.

विसाव्या शतकात दुधाच्या नोंदी आणि कृत्रिम रेतन आले. वळूच्या मुली किती दूध देतात हे मोजून मगच त्याचा दर्जा ठरू लागला. 2009 पासून अमेरिकेत लहान वासराच्या जनुकांची तपासणी करून त्याच्या भावी संततीचा अधिकृत अंदाज वर्तवला जाऊ लागला. पण हा अंदाजही शेवटी तपासून घ्यावा लागतो तो जन्मलेल्या वासरांवरच. बेकवेल भाड्याने एडके देऊन जे करीत होता, तेच आता अधिक बारकाईने होते, एवढेच.

वंशावळीचा कागद निरुपयोगी मुळीच नव्हे. बाप कोण, आई कोण, हे लिहून ठेवले नसते तर आठ गिनींचा हबॅक आणि हजार गिनींचा धूमकेतू यांचा धागा आज आपल्याला सापडलाही नसता. पण कागद आठवणीसाठी असतो, पारख डोळ्यांनीच करायची असते; आणि दोन्हींच्या मागे, तीन वर्षांनी वासरे मोठी झाल्यावरही ज्याला गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल असा एक विकणारा उभा असावा लागतो. हजार गिनी त्याच्यासाठीच मोजल्या जातात. वळू नुसता दाव्याला बांधलेला असतो.