पुरावा कोणी द्यायचा? महाडच्या खटल्याचा धडा

देवाच्या अस्तित्वावर वाद सुरू झाला की समोरचा माणूस शेवटी एकच प्रश्न टाकतो : "देव नाही हे तुम्ही सिद्ध करून दाखवा." हा प्रश्न टाकला म्हणजे वाद संपला, असे त्याला वाटते. आम्ही हा प्रश्न गावच्या पारावर ऐकला, एसटीच्या प्रवासात ऐकला आणि खेदाने सांगावे लागते, बुद्धविहाराच्या पायरीवरही ऐकला. प्रत्येक वेळी आम्हाला महाडचे चवदार तळे आठवते. जो दावा करतो त्यानेच पुरावा द्यायचा असतो, हे तत्त्व तिथे दहा वर्षे न्यायालयात पणाला लागले होते आणि त्यावर हजारो माणसांचे पाणी अवलंबून होते.

आधी घटनाक्रम पाहू. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण कागदावरचे पाणी ओंजळीत आले नाही. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. 20 मार्चला अनंतराव चित्रे यांनी सूचना मांडली आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सारी परिषद रांगेने तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, मग लोकांनी केले.

त्यानंतर गावात अफवा उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परिषदेत तसे काहीही ठरलेले नव्हते. कोणी चौकशी केली नाही, कोणी विचारले नाही. लाठ्या घेऊन जमाव निघाला आणि मंडपात जेवत असलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत कालवले गेले. देवावरची श्रद्धा ही प्रत्येकाची खाजगी बाब आहे, तिने कोणाचे काय बिघडते, असे जे म्हणतात त्यांनी ही संध्याकाळ लक्षात ठेवावी. पुरावा न मागण्याची सवय एकदा अंगी मुरली, की माणूस देवाबद्दल जसा पुरावा मागत नाही तसाच अफवेबद्दलही मागत नाही.

मारहाणीनंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले. 108 घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले, मंत्र म्हटले आणि ते पाणी पुन्हा तळ्यात ओतले. आता थोडा हिशेब करू. तळे सुमारे चार ते पाच एकरांचे. चार एकर धरले आणि पाण्याची खोली फक्त एक मीटर मानली, तरी एक कोटी साठ लाख लिटर पाणी होते. एक घागर पंधरा लिटरची धरली, तर 108 घागरींचे पाणी होते 1,620 लिटर. म्हणजे साधारण दहा हजारांत एक भाग. तेवढ्याने तळे शुद्ध झाले म्हणे! श्रद्धाळू म्हणतील, प्रश्न लिटरचा नाही, मंत्राचा आहे. ठीक. मग मंत्राआधी पाण्यात काय बिघडले होते आणि मंत्रानंतर काय सुधारले, हे कोणत्या खुणेवरून ओळखायचे? रंग तोच, चव तीच, मासे तेच. कोणतीही खूण दाखवता येत नसेल, तर विटाळही सांगण्यापुरता आणि शुद्धीही सांगण्यापुरती. सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, एवढाच काय तो फरक उरतो.

4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह जाहीर केला, तेव्हा सवर्णांनी नवे हत्यार काढले. 12 डिसेंबरला महाडच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. तळ्याला चौधरी तळे म्हणत ते खाजगी असल्याचा दावा झाला. अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हा दुसरा दावा. 25 डिसेंबरला परिषद भरली आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे होते गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जन्माने ब्राह्मण. न्यायालयाच्या हुकमाचा मान राखून तळ्यावर जाणे मात्र बाबासाहेबांनी पुढे ढकलले. जी माणसे ग्रंथाचे प्रामाण्य जाळत होती, तीच न्यायालयात पुराव्याची लढाई लढायला तयार झाली. आम्हाला या दोन गोष्टींत विसंगती दिसत नाही. ग्रंथ म्हणतो, मी सांगतो म्हणून मान. न्यायालय म्हणते, दाखव, मग मानू.

आणि न्यायालयाने नेमके हेच विचारले. तुम्ही म्हणता रूढी अनादी आहे, तर ती सिद्ध करा. अस्पृश्यांनी उलट बाजू सिद्ध करावी, असे न्यायालय म्हणाले नाही. 1928 च्या फेब्रुवारीत मनाई हुकूम उठला. 1931 मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, 1933 मध्ये ठाण्याला अपील फेटाळले गेले आणि 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांच्यासमोर मुंबई उच्च न्यायालयातही वादी हरले. तळ्याच्या मालकीचा दावा टिकला नाही. रूढीबाबत न्यायालयाचे म्हणणे साधे होते. पाऊस आणि झरे यांवर भरणारे हे एवढे मोठे तळे, भोवती रस्ते आणि पलीकडे घरे. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे पाणी भरत नसतील, पण तेवढ्यावरून अनादी काळापासून तसेच चालत आले असे ठरत नाही. सवर्णांची घरे तळ्याभोवती उभी राहण्याआधी कोणी कोणाला अडवले असेल, हेच मुळात शंकास्पद आहे.

हजारो वर्षांचे म्हणून जे सांगितले जात होते, त्याचा हजार वर्षांचा पुरावा मागताच वादींकडे काही उरले नाही. देवाचा वाद याच पायावर तपासावा, असे आमचे म्हणणे आहे. देव आहे, तो जग चालवतो, नवसाला पावतो, पापाची शिक्षा देतो, हे दावे करणारा आस्तिक हा वादी आहे. पुरावा त्याने द्यायचा. "नाही हे सिद्ध करा" म्हणणे म्हणजे प्रतिवादीच्या गळ्यात वादीचे ओझे बांधणे. हाच नियम मानला तर वेताळ, खवीस आणि मुंज्या यांनाही मान्यता द्यावी लागेल, कारण तेही नाहीत असे सिद्ध करता येत नाही.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या निकालात देवाचा प्रश्न नव्हता आणि न्यायालयाने अस्पृश्यता चूक आहे असेही ठरवले नव्हते. रूढीचे अनादीपण सिद्ध झाले नाही, एवढेच ठरले. समजा, वादींना हजार वर्षांचा कागद सापडला असता तर? कदाचित निकाल उलटा लागला असता. एखादी गोष्ट जुनी आहे याचा पुरावा म्हणजे ती खरी किंवा न्याय्य असल्याचा पुरावा नव्हे, ही पुढची पायरी त्या खटल्याला चढता आली नाही. "इतकी वर्षे इतके लोक मानतात, ते काय मूर्ख आहेत?" असे आस्तिक विचारतो, तेव्हा तो अनादी रूढीचाच युक्तिवाद करत असतो. किती लोक किती वर्षे मानत आले, यावरून फक्त मानण्याचे वय कळते.

ही पुढची पायरी बाबासाहेब चढले. 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करणारा नेता 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला देव नाकारणाऱ्या प्रतिज्ञा देतो, हा प्रवास समजून घ्यायला हवा. त्याआधी राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, मग तिची रूढी किती का जुनी असेना. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी ईश्वरावरील श्रद्धेला धम्मात जागा ठेवली नाही. ईश्वर कोणी पाहिलेला नाही, त्याने जग निर्माण केले हे कोणी सिद्ध केलेले नाही, असा तिथला युक्तिवाद. महाडच्या खटल्यात विरोधकांकडे पुरावा मागणाऱ्या बॅरिस्टरची हीच पद्धत आहे.

आता आपल्याकडे वळू. दरवर्षी 20 मार्चला पोलादपूर, माणगावपासून विदर्भ, मराठवाड्यापर्यंतची माणसे महाडला येतात. आम्हीही जातो. तळ्याचे पाणी कोणी बाटलीत भरून घेतो, घरी नेऊन शिंपडतो. कोणी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मुलाच्या परीक्षेसाठी हात जोडतो. आम्ही अशा माणसांची थट्टा करत नाही. ज्यांना हे पाणी पिढ्यानपिढ्या नाकारले गेले, त्यांचा हात तिथे थरथरणारच. पण हे पाणी साधे पाणी आहे, एवढेच सिद्ध करायला आपली माणसे तिथे मार खाऊन आली. ते विटाळत नाही आणि पवित्रही होत नाही. त्यालाच आपण तीर्थ केले, तर 108 घागरी ओतणाऱ्यांचा दावा आपणच मान्य केला असे होईल.

म्हणून येत्या 20 मार्चला महाडला जाल तेव्हा ओंजळभर पाणी प्या, तहान लागली म्हणून प्या. आणि परतीच्या गाडीत शेजारचा म्हणाला, "देव नाही हे सिद्ध करा," तर त्याला शांतपणे या खटल्याची गोष्ट सांगा.

जय भीम!