ग्रहलाघव

ग्रहलाघव : शके १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभकाल धरून गणेश दैवज्ञाने रचलेला संस्कृत करणग्रंथ. 'सिद्धांतरहस्य' हे याचेच दुसरे नाव. ग्रंथकार कोकणातील नंदिग्रामचा, म्हणजे जंजिरा-मुरूडनजीकच्या हल्लीच्या नांदगावचा. कल्पारंभापासून ग्रहगती मांडतो तो सिद्धांत, आणि जवळचा एखादा शक धरून पंचांगकर्त्याचा हिशेब आटोपशीर करते ते करण.

गणितपद्धती : ज्या-चापांची कोष्टके टाळून सारे ग्रहगणित साध्या गुणाकार-भागाकारांवर आणणे, हे ग्रंथनामातील 'लाघव' होय. कलियुगारंभापासून मोजलेला अहर्गण, म्हणजे लोटलेल्या दिवसांची संख्या, त्या काळी सोळा लक्षांच्या वर गेलेला होता. त्याऐवजी इष्ट शकातून १४४२ वजा करून बाकीस ११ने भागावे, भागाकारास 'चक्र' म्हणावे आणि उरलेल्या वर्षांपुरताच अहर्गण करावा, अशी युक्ती गणेशाने योजली. आरंभकालचे मध्यम ग्रह ते 'क्षेपक', आणि चक्रागणिक द्यावयाचा संस्कार तो 'ध्रुवक'. एका चक्राचे दिवस ४०१६. त्यांस ७ने भागता ५ उरतात, म्हणून वार काढताना चक्रांची पाचपट अहर्गणात मिळवून सातांनी भागावे व बाकी सोमवारपासून मोजावी, कारण आरंभदिनी, १९ मार्च १५२० रोजी, सोमवार होता.

वेध व ग्रंथप्रामाण्य : कोणत्याही एका पक्षास, म्हणजे ज्योतिषगणिताच्या परंपरेस, सर्वस्वी बांधून न घेता, जो ग्रह ज्या ग्रंथावरून आकाशाशी जुळला तो तेथून घ्यावा, असे गणेशाचे धोरण दिसते. रवी व चंद्रोच्च सूर्यसिद्धांताचे, चंद्रही तेथलाच, परंतु नऊ कला उणा, मंगळ, गुरू व राहू आर्यपक्षाचे, बुधकेंद्र ब्रह्मपक्षाचे, शुक्रकेंद्र या दोन पक्षांच्या मध्यावर, आणि शनी आर्यपक्षाचा, पण पाच अंश अधिक. या निवडीमागे त्याचा पिता केशव याच्या वेधांची परंपरा होती.

प्रसार व उत्तरकाल : मल्लारी व विश्वनाथ यांच्या टीकांनी ग्रंथ सुगम झाला, आणि महाराष्ट्रात व लगतच्या मुलखांत पंचांगगणितावर त्याचा अंमल शतकानुशतके टिकला. कालांतराने मात्र त्यावरून काढलेले ग्रह प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनासे झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, आणि शके १७८७पासून इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधाराने पटवर्धनी पंचांग निघू लागले. जुन्या पंचांगाच्या अभिमान्यांस हा ग्रहलाघवाचा अवमान वाटला. तथापि पुढील गणकांनी उदयास्त व ग्रहयुती स्वतः पाहून नवे ग्रहगणित रचावे, असे केशवानेच आपल्या 'ग्रहकौतुक' ग्रंथाच्या विवरणात सांगून ठेविले होते. म्हणून छत्र्यांचा उद्योग हा नांदगावच्या त्या घराण्याच्याच आज्ञेचा अंमल म्हणावा लागतो.