जठर लहान झाल्यावर

लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला घरी सोडताना आहाराचे एक पत्रक दिले जाते. त्यातील सूचना साधारण अशा असतात: सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. घास लहान घ्यावा, पुष्कळ चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. आधी डाळ, उसळ, अंडे, पनीर खावे, भात-पोळी नंतर. गोड टाळावे. जीवनसत्त्व ब-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्यात.

वाचताना हे नेहमीच्या पथ्यासारखे वाटते. परंतु यातील एकेका ओळीमागे कोणाच्या तरी शरीराने दिलेली साक्ष आहे. हा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा आहे आणि त्यातील पहिल्या सत्तर वर्षांत लठ्ठपणाचा संबंधच नव्हता. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

जठराशिवाय जगता येते का?

29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरॉथ या शल्यविशारदाने एका स्त्रीच्या जठराचा कर्करोग झालेला भाग कापून काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला, म्हणजे आद्यांत्राला, शिवून टाकले. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचली. कर्करोग पुन्हा उद्भवून काही महिन्यांनी तिचा मृत्यू झाला, पण जठराचा तुकडा काढल्यावरही अन्न पचते हे सिद्ध झाले होते. 1897 मध्ये झुरिच येथे कार्ल श्लाटर याने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने एका रुग्ण स्त्रीचे संपूर्ण जठर काढले. ती सुमारे चौदा महिने जगली.

जठर हा पचनाचा राजा, अशी तोवरची समजूत होती. आता दिसले की जठर हे मुख्यतः कोठार आहे. अन्न साठवायचे, घुसळायचे आणि थोडे थोडे पुढे सोडायचे, हे त्याचे मोठे काम. पचनाचा आणि शोषणाचा बराचसा भाग लहान आतडे सांभाळते. कोठारच नसेल तर एका वेळी थोडे आणि दिवसातून अनेकदा खाणे ओघाने आलेच. पत्रकातील ‘लहान घास, थोडे जेवण’ या सूचनेचे मूळ येथे आहे.

जेवणानंतरची घेरी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जठरव्रणावर, म्हणजे अल्सरवर, शस्त्रक्रिया हा रूढ उपचार झाला. जठर आणि आतडे यांच्यात नवा मार्ग केला जाई किंवा जठराचा मोठा भाग काढला जाई. व्रण बरा होई, पण काही रुग्णांना जेवणानंतर थोड्याच वेळात पोटात कळ, धडधड, घाम आणि चक्कर असा त्रास होऊ लागला. 1913 मध्ये इंग्लंडमधील आर्थर हर्ट्‌झ याने या त्रासाचे वर्णन केले. 1922 मध्ये अमेरिकेतील चार्ल्स मिक्स याने त्याला ‘डंपिंग’ हे नाव दिले. ट्रकमधून माती एकदम ओतावी तसे जठरातील अन्न आतड्यात एकदम ओतले जाते, असा त्याचा अर्थ.

याचे कारण वर्गात सहज दाखवता येईल. बटाट्याची चकती साखरेच्या दाट पाकात काही तास ठेवा. ती मऊ पडते, कारण परासरणाने तिच्यातील पाणी बाहेर पाकात जाते. लहान आतड्यात गोड आणि दाट अन्न एकदम आले की असेच होते. रक्तातील पाणी आतड्याच्या पोकळीत ओढले जाते. आतडे फुगते, रक्ताचे आकारमान घटते, हृदय जोरात धावू लागते. या वेळी आतड्यातून स्रवणारी संप्रेरकेही त्रासात भर घालतात. पुढे एक ते तीन तासांनी दुसरा झटका येऊ शकतो. साखर भराभर शोषली गेल्याने इन्सुलिन प्रमाणाबाहेर स्रवते आणि रक्तातील साखर एकदम खाली जाते. हातपाय थरथरतात, डोके हलके होते.

श्रीखंडाची एक वाटी शस्त्रक्रियेनंतर का सोसत नाही, हे आता लक्षात येईल. पाणी जेवणासोबत न पिण्याची सूचनाही अशाच अनुभवातून आली. चिमुकल्या जठरात पाण्याने जागा अडते आणि पातळ झालेले अन्न लवकर पुढे सरकते.

डॉक्टरने खाल्लेले मांस

घातक पांडुरोग हा एके काळी जीवघेणा आजार होता. कच्चे किंवा अर्धेकच्चे यकृत खाऊ घातल्यास रुग्ण सुधारतात, हे 1926 मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवले. पण निरोगी माणसाला रोज यकृत खावे लागत नाही, मग रुग्णालाच का? त्याच शहरातील विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरने एक चमत्कारिक प्रयोग केला. तो स्वतः 300 ग्रॅम कच्चट मांस खाई, तासाभराने ते जठरातून बाहेर काढी आणि हे अर्धवट पचलेले मांस नळीवाटे रुग्णांना देई. रुग्णांचे रक्त सुधारू लागले. नुसत्या मांसाने किंवा नुसत्या जठररसाने हा परिणाम होत नव्हता.

म्हणजे अन्नात एक घटक होता आणि निरोगी जठरात दुसरा. अन्नातील घटक म्हणजे जीवनसत्त्व ब-12. ते 1948 मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाले. जठरातील घटक म्हणजे त्याला धरून आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेणारे एक प्रथिन. जठराचा हा भाग काढला किंवा अन्नाच्या वाटेतून बाजूला केला, की ब-12 आहारात असूनही शरीराला नीट मिळत नाही. मात्र यकृतात त्याचा काही वर्षांचा साठा असतो. त्यामुळे तूट उशिरा आणि गुपचूप उघडी पडते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, कधी मज्जातंतूंची कायमची हानी होते. ‘मला काही होत नाही, मग गोळ्या कशाला?’ या प्रश्नाचे हे उत्तर.

महाराष्ट्रात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासलेल्या दर तीन पुरुषांपैकी साधारण दोघांत ब-12 कमी आढळले. शाकाहारी माणूस शस्त्रक्रियेला जातो तेव्हा त्याचे कोठार आधीच अर्धे रिकामे असण्याचा संभव असतो.

एक चुकलेली वाट आणि एक सापडलेली

लठ्ठपणासाठी पहिला मोठा प्रयत्न 1954 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे झाला. त्यात जठराला हात न लावता लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळला जाई. वजन खूप उतरले, पण किंमत जबर होती. सतत जुलाब होत, मूतखडे होत, काहींचे यकृत निकामी झाले. 1980 च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. कमी शोषण म्हणजे केवळ कमी चरबी नव्हे, सगळ्याच पोषणाची तूट, हा धडा रुग्णांच्या यातनांतून मिळाला.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांना दिसली. व्रणासाठी जठराचा मोठा भाग काढलेले रुग्ण सडपातळच राहतात, ही गोष्ट सगळ्या शल्यविशारदांना ठाऊक होती आणि ती तक्रार मानली जात होती. मेसन यांनी तक्रारीतच उपाय पाहिला. 1966 मध्ये त्यांनी जठराचा वरचा लहान भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. हीच ‘गॅस्ट्रिक बायपास’. आज यातील जठराची पिशवी साधारण 30 मिलिलिटरची ठेवतात, म्हणजे दोन मोठे चमचे. 1986 मध्ये मेसन यांनी अशा रुग्णांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारी नोंदवहीही सुरू केली.

गंमत अशी की पुढे औषधे आली, व्रणामागचा जिवाणू 1980 च्या दशकात सापडला आणि व्रणाच्या शस्त्रक्रिया जवळजवळ संपल्या. त्यातून मिळालेले आहाराचे ज्ञान मात्र लठ्ठपणाच्या रुग्णांकडे वारशाने आले.

भूक कोठे असते?

जठर लहान, म्हणून जेवण कमी, म्हणून वजन कमी, असा सरळ हिशेब बरीच वर्षे मांडला गेला. 1995 मध्ये अमेरिकेतील वॉल्टर पोरीझ यांनी दाखवले की बायपास झालेल्या 146 मधुमेही रुग्णांपैकी 121 जणांची रक्तशर्करा सामान्य राहिली. कित्येकांची तर वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच सुधारली होती. 1999 मध्ये जपानी संशोधकांनी जठरातून स्रवणारे, भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक शोधले. 2002 मध्ये सिअ‍ॅटलच्या संशोधकांना आढळले की आहार कमी करून वजन उतरवलेल्यांत घ्रेलिन वाढते, तर बायपास झालेल्यांत ते फार कमी असते. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत निष्कर्ष इतके एकसारखे आले नाहीत. पण जठर आणि आतडे मेंदूशी रसायनांच्या भाषेत बोलतात, हे पक्के झाले. जेवणानंतर आतड्यातून स्रवणारे जीएलपी-1 हे तृप्तीचे संप्रेरक बायपासनंतर कित्येक पटींनी वाढते. त्याच्या धर्तीवर केलेली औषधे आज मधुमेह आणि लठ्ठपणा या दोन्हींसाठी वापरात आहेत.

म्हणजे आहार कमी करणाऱ्याचे शरीरच त्याच्याविरुद्ध भूक पेटवत असते. ‘मनावर ताबा नाही’ हा शेरा शास्त्राच्या कसोटीवर फार तोकडा ठरतो.

पंगतीत परत

शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य रुग्णालयात जात नाही, ते स्वयंपाकघरात आणि पंगतीत जाते. आपल्याकडे आग्रह हा प्रेमाचा भाग. चार घासांत पोट भरणाऱ्याला ‘अजून एक पोळी घ्या’ हे वाक्य जड जाते, आणि तो एक घास जास्त झाला तर उलटी होते. सारखी उलटी होत राहिली तर जीवनसत्त्व ब-1 संपून मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ती अंगावर काढू नये. पहिल्या काही महिन्यांत केस गळतात, पुढे ते बहुधा परत येतात. कातडी सैल पडते. मद्य लवकर आणि जास्त चढते.

वजनही कायमचे खाली राहतेच असे नाही. स्वीडनमध्ये 1987 पासून शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या सुमारे दोन-दोन हजार लोकांवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्यात आले. बायपासनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के वजन उतरले. दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली. तरीही 2007 च्या अहवालानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने कमी होते. शस्त्रक्रिया ही शेवट नसून एका लांबच्या शिस्तीची सुरुवात आहे, हे हे आकडे सांगतात.

शिक्षकांना येथे दोन गोष्टी करता येतील. पचनसंस्था शिकवताना जठराचे कोठार, बटाट्याची चकती आणि कॅसलचा प्रयोग यांची जोड दिली, तर पाठ्यपुस्तकातील आकृती जिवंत होईल. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादे जाड मूल असते आणि त्याला चिडवणारी इतर मुले असतात. भूक ही शरीराची रसायने ठरवतात, हे त्या मुलांना नीट समजावून सांगितले, तर डबा खाताना त्या मुलाला पाठ फिरवून बसावे लागणार नाही.