न दिसणाऱ्या गळतीचा शोध

वैशाखात मोटारीतील हवा गार होईनाशी झाली, की पुण्यातला मोटारमालक गॅरेजवाल्यास सांगतो, "गॅस भरून द्या." वास्तविक हा वायू पेट्रोलसारखा खर्च होणारा नव्हे, बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कोठून तरी निसटला. ती वाट कशी शोधीत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभी नाकच पुरे होते. अमोनिया गळला की सारे खोकत बाहेर येत. हडपसरच्या किर्लोस्कर न्युमॅटिकने (स्थापना १९५८) ज्यांसाठी दाबयंत्रे बनविली, त्या अमोनियाच्या शीतयंत्रांत गळतीपाशी गंधकाची जळती कांडी नेली, की पांढरा धूर उठतो. पण अमोनिया विषारी. म्हणून अमेरिकेत मिजली व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली फ्रिऑनचा मार्ग काढला. १९३० साली मिजलीने तो वायू भर सभेत छातीत भरून घेतला आणि त्याच फुंकरीने मेणबत्ती विझविली! विषारी नाही, ज्वालाग्राहीही नाही; आणि वासही नाही, हीच मेख.

१९३९ साली पॅकार्डच्या मोटारीत थंड हवेचे यंत्र आले. घरच्या शीतकपाटात मोटर व दाबयंत्र एकाच डब्यात झाळून बंद असतात. मोटारीत दाबयंत्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरते, त्याचा दांडा बाहेर येतो, रबरी नळ्या हादरे खातात. गळायला जागा पुष्कळ.

कारागिरांनी यावर एक दिवा वापरला. ज्योतीत तांबे तापवायचे, रबरी नळीचे तोंड सांध्यांवरून फिरवायचे. वायूतील क्लोरीन तांब्याशी मिळाला की ज्योत हिरवी. त्याच ज्योतीत थोडा फॉस्जीनही तयार होई. पहिल्या महायुद्धात माणसे मारणारा तोच!

पुढे १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी दाखविले, की हाच क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. भारत १९९२ साली त्यात आला. मोटारींत आर-१३४ए हा क्लोरीनविरहित वायू भरू लागले, आणि हिरवी ज्योत आंधळी झाली! मग विद्युत्-नाके आली, अतिनील प्रकाशात चमकणारा रंग आला. साबणाचा फेस मात्र टिकला; मोठे छिद्र तो अजूनही दाखवितो. नवा वायूही निर्दोष नाही: वजनास वजन धरल्यास कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता तो कोंडतो.

गॅस भरण्यापूर्वी नळ्या निर्वात करून काटा सरकतो का, हे पाहत काही वेळ थांबावे लागते. घाईच्या गिऱ्हाइकापायी नेमका तेवढाच वेळ वाचविला जातो.